इंग्लंडमध्ये ज्याच्या धर्मावर बंदी आली, त्या पाद्र्यानं गोव्यात मराठीत ११ हजार ओव्या लिहिल्या

मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीच्या पट्ट्यात देवचार कोण हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गावाच्या शिवेवर राहणारा, रात्री हातात काठी घेऊन फिरणारा, वाट चुकलेल्याला घराच्या वाटेला लावणारा राखणदार. त्याच्या नावानं नारळ ठेवतात, विडी ठेवतात, गाऱ्हाणं घालतात.

आता गंमत बघा. १६१६ साली गोव्यात एक मराठी पुस्तक छापलं गेलं. त्यातही देवचार आहे. पण तो कुणाची राखण करत नाही, उलट माणसाला देवापासून तोडायला टपलेला आहे. कारण या पुस्तकात देवचार म्हणजे बायबलमधला सैतान. त्यात वैकुंठ आहे, पण तिथं विष्णू नाही, येशूचा बाप आहे. ओवी आहे, नमन आहे, श्रोत्यांचे प्रश्न आणि गुरूची उत्तरं आहेत. पोथीला जे जे लागतं ते सगळं आहे.

हे पुस्तक म्हणजे ख्रिस्तपुराण. आणि ते लिहिणारा माणूस ना कोकणातला होता, ना पोर्तुगालचा. तो इंग्रज होता. नाव फादर थॉमस स्टीफन्स.

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनाला, मराठीचं कौतुक करणाऱ्या त्याच्या चार-पाच ओव्या व्हॉट्सअॅपवर फिरतात. फुलांमध्ये मोगरा तशी भाषांमध्ये मराठी, असं सांगणाऱ्या त्याच त्या. परदेशी माणसानं आपल्या भाषेचं कौतुक केलं म्हणून आपण खूश होतो आणि पुढं ढकलतो. पण त्या ओव्या ज्या ग्रंथात आहेत, त्यात एकूण १०,९६२ ओव्या आहेत, आणि बाकीच्या कुणासाठी, कशासाठी लिहिल्या होत्या, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

त्याचं उत्तर शोधायचं तर आधी इंग्लंडला जावं लागतं.

स्टीफन्सचा जन्म १५४९ च्या सुमाराचा. विल्टशायर परगण्यातलं बुश्टन हे त्याचं गाव. वडील व्यापारी. तो नऊ-दहा वर्षांचा असताना पहिली एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि देश कायद्यानं प्रोटेस्टंट झाला. कॅथलिक मिस्सा बेकायदा ठरली. रविवारी सरकारी चर्चला गेलं नाही तर दंड बसू लागला. रोमहून येणारी धार्मिक कागदपत्रं, जपाच्या वस्तू जवळ बाळगणंही धोक्याचं झालं. ज्यांना जुना धर्म सोडायचा नव्हता ते दारं लावून प्रार्थना करायचे, पुस्तकं लपवून वाचायचे.

याच वातावरणात त्याची गाठ थॉमस पाउंडशी पडली. पाउंड हा श्रीमंत घरातला, एकेकाळी राणीच्या दरबारात वावरलेला माणूस, पण नंतर कट्टर कॅथलिक झालेला. त्या काळात जेजुइट, म्हणजे येशूसंघाचे पाद्री, हिंदुस्थानातून युरोपला लांबलचक पत्रं पाठवत. ती पत्रं युरोपभर वाचली जायची. या दोघांच्या डोक्यात येशूसंघ शिरला तो अशा वाचनातूनच. स्टीफन्स काही काळ पाउंडचा नोकर असल्याचं सोंग घेऊन त्याच्याबरोबर फिरला. दोघांनी मिळून रोमला पळायचं ठरवलं होतं. पण निघण्याआधीच पाउंड पकडला गेला आणि पुढची सुमारे ३० वर्षं त्यानं वेगवेगळ्या तुरुंगांत काढली.

स्टीफन्स एकटाच रोमला पोचला. १५७५ च्या ऑक्टोबरमध्ये तो येशूसंघात दाखल झाला. मित्राला तो विसरला नाही. १५७८ मध्ये त्यानं वरिष्ठांकडे शब्द टाकला आणि तुरुंगात असलेल्या पाउंडला तिथूनच संघाचा सदस्य करून घेतलं गेलं.

४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून पाच जहाजं निघाली, त्यातल्या एकावर स्टीफन्स होता. आफ्रिकेला वळसा घालून २४ ऑक्टोबरला तो गोव्यात उतरला. साडेसहा महिन्यांचा प्रवास. उतरल्यावर सतरा दिवसांतच त्यानं वडिलांना लांब पत्र लिहिलं. त्यात वारे कसे वाहतात, समुद्रात दिशा कशी ठरवतात, कुठले पक्षी दिसले की जमीन जवळ आहे हे कळतं, खलाशांच्या हिरड्या कशा सुजतात, असलं सगळं बारीकसारीक आहे. पुढं हे पत्र इंग्लंडमध्ये छापलं गेलं आणि पूर्वेकडच्या व्यापाराची स्वप्नं बघणाऱ्यांनी ते आवडीनं वाचलं. ज्याच्याबद्दल खात्रीशीर नोंदी आहेत असा हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. ईस्ट इंडिया कंपनी निघायला तेव्हा अजून २१ वर्षं होती.

इंग्रज म्हणून त्याचा उपयोग इतरांनाही झाला. १५८३ मध्ये राल्फ फिच आणि त्याचे साथीदार होर्मुझला हेर समजून पकडले गेले आणि गोव्याच्या तुरुंगात आले. स्टीफन्सनं खटपट करून त्यांना जामीन मिळवून दिला. पुढच्या वर्षी फिच गोव्यातून निसटला आणि त्याच्या माहितीचा उपयोग नंतर त्याच कंपनीला झाला. पाद्र्यानं धर्मभाऊ म्हणून नाही, तर देशबांधव म्हणून केलेली मदत कुठल्या कुठे पोचली बघा.

असो. स्टीफन्सचं आयुष्य गेलं ते गोव्याच्या दक्षिणेला, सासष्टीत. मडगाव, रायतूर म्हणजे आजचं राशोल, आणि आसपासची गावं.

सासष्टी १५४३ ला पोर्तुगिजांकडे आली होती. १५६० ला गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. १५६० च्या दशकात सासष्टीतली देवळं पाडली गेली. जुनी पुराणं, पोथ्या बाळगण्यावर आणि वाचण्यावर बंदी आली. काही जण देव पालखीत घालून नदीपलीकडं गेले, काही जण बाप्तिस्मा घेऊन राहिले. हे सगळं शांतपणे झालं नाही. १५ जुलै १५८३ ला कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी रुडॉल्फ आक्वाविवा आणि आणखी चार जेजुइटांना ठार मारलं. हा आक्वाविवा म्हणजे काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतलेला पाद्री. मेलेल्यांची प्रेतं विहिरीत टाकली होती. ती मिळवून दफन करण्याचं काम स्टीफन्सच्या वाट्याला आलं. त्यानंतर पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं. कुंकळ्ळी आजही ती आठवण विसरलेली नाही.

हे लक्षात घेतल्याशिवाय स्टीफन्स कळत नाही. तो भला माणूस होता, भाषाप्रेमी होता, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्या सत्तेनं लोकांच्या पोथ्या काढून घेतल्या, त्याच सत्तेच्या छत्राखाली तो काम करत होता. स्वतःच्या देशात ज्याच्या धर्मावर आणि त्याच्या पुस्तकांवर बंदी आली, तो अशा जागी आला होता जिथं त्याच्याच बाजूचे लोक दुसऱ्यांच्या पुस्तकांवर बंदी घालत होते. याबद्दल त्याला काय वाटत होतं? कबुली कुठं सापडत नाही. पण ख्रिस्तपुराणाच्या सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, तो वाचला की हा प्रश्न त्याला टोचत असावा असं वाटतं.

प्रसंग असा. सासष्टीत पाद्री मुलांना धर्मशिक्षण देतो आहे. कोकणी ख्रिस्ती घरांत याला अजून दोतोर्न म्हणतात. तिथं एक नवख्रिस्ती ब्राह्मण येतो आणि सरळ विचारतो की प्रार्थना आणि नेम शिकवता ते ठीक, पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरं पुराण का देत नाही? रिकामा वेळ असतो, मन लागत नाही, काहीतरी वाचायला हवं.

केवढी साधी मागणी आहे ही! आणि केवढी अडचणीची.

कारण त्या काळी कॅथलिक मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. सासष्टीतला शेतकरी सोडा, पोर्तुगालमधल्या शेतकऱ्यालाही ती कळत नसे. लोक गुडघे टेकायचे, क्रूसाची खूण करायचे, पाठ केलेल्या प्रार्थना म्हणायचे. पण ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या पुराण ऐकायची, कथेत प्रश्न विचारायची, रात्र रात्र कीर्तनात बसायची सवय होती, त्याचं एवढ्यानं भागणार नव्हतं. आजीकडून ऐकलेल्या रामाच्या गोष्टी सांगायला बंदी, आणि नव्या देवाची गोष्ट तर कुणी नीट सांगितलेलीच नाही. मधल्या मध्ये लटकलेली माणसं.

स्टीफन्सनं ही मागणी मनावर घेतली. पण लगेच लिहायला बसला नाही. पुराण छापून आलं तेव्हा त्याला गोव्यात येऊन ३७ वर्षं झाली होती. वय ६७.

मधल्या काळात तो शिकत होता. आल्यावर चार वर्षांतच, १५८३ मध्ये, त्यानं भावाला लिहिलेल्या पत्रात एक निरीक्षण नोंदवलं आहे. इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे, असं त्याचं म्हणणं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या बहिणी आहेत हा सिद्धांत विल्यम जोन्सनं मांडला तो १७८६ मध्ये. त्याच्या दोनशे वर्षं आधी हे एका पाद्र्याच्या लक्षात आलं होतं आणि तो घरच्या पत्रात सहज सांगून गेला होता.

लोकांची रोजची बोली कोकणी, हे त्याला कळलं. तिचं व्याकरण त्यानं पोर्तुगिजमध्ये लिहिलं. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, दुसऱ्या एका जेजुइटानं भर घालून छापलं. आधुनिक भारतीय भाषेचं छापलेलं पहिलं व्याकरण म्हणून ते ओळखलं जातं. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरांची पुस्तिकाही त्यानं कोकणीत लिहिली. ती १६२२ ची, म्हणजे तीही मृत्यूनंतरचीच.

मग पुराण मराठीत का? सिंधुदुर्गातल्या माणसाला याचं उत्तर पटकन समजेल. घरात मालवणी, पण पोथी, आरती मराठीत. दशावतारात राजा आणि देव शुद्ध मराठीत बोलतात, मालवणी येते ती विनोदाला. गोव्यात चारशे वर्षांपूर्वी हेच होतं. बोलायची भाषा कोकणी, पण ग्रंथाचा मान मराठीला. एकनाथांचं भागवत स्टीफन्स येण्याच्या अवघी सहा वर्षं आधी पूर्ण झालं होतं, आणि एकनाथ १५९९ पर्यंत हयात होते. म्हणजे पैठणला एकनाथ आणि सासष्टीत स्टीफन्स एकाच काळात होते. ओवी तेव्हा जुनी गोष्ट नव्हती, ती ऐन भरात होती. स्टीफन्सनं तीच उचलली. अभ्यासकांना त्याच्या रचनेत ज्ञानेश्वरी आणि एकनाथांच्या वळणाच्या खुणा दिसतात. म्हणजे ज्या पोथ्या लोकांना वाचायला बंदी होती, तसल्याच पोथ्यांवरून पाद्री शिकला होता.

पुराणाचे दोन भाग आहेत. पहिल्यात ३६ अध्याय, ज्यांना तो अवस्वरु म्हणतो. जगाची उत्पत्ती, आदाम-एवा, नोहाचा पूर, मोशे, दावीद राजा, संदेष्टे, म्हणजे बायबलचा जुना करार. दुसऱ्यात ५९ अध्याय आणि त्यात येशूचा जन्म, उपदेश, क्रूसावरचा मृत्यू आणि स्वर्गारोहण. भाषा मुळात ग्रंथाची मराठी, पण कोकणी शब्द ठिकठिकाणी डोकावतात आणि क्रूस, पाद्री असे पोर्तुगीज शब्दही येतात. मालवणी बोलणाऱ्याला काही ओळी पुणेकरापेक्षा लवकर कळतील.

मधेमधे श्रोते पाद्र्याला अडवतात, शंका काढतात. तो उत्तर देतो, मग कथा पुढं सरकते. हे नुसतं सजावटीसाठी नाही. ऐकणाऱ्यानं मुकाट ऐकू नये, विचारावं, समजून घ्यावं, हे त्याला रचनेतच बसवायचं होतं.

लिहून झालं तरी छापायचं कसं? १६०८ मध्ये त्यानं रोमला संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून गळ घातली होती की इथल्या भाषेतली पुस्तकं इथल्याच लिपीत छापू द्या. अडचणही त्यानंच सांगितली. युरोपच्या लिपीला २४ अक्षरं पुरतात, इथली लिपी जोडाक्षरांची, तिला सुमारे ६०० खिळे पाडावे लागतील. ते जमलं नाही. त्यामुळे मराठी पुराण रायतूरच्या छापखान्यात रोमन लिपीत छापलं गेलं, पोर्तुगीज पद्धतीच्या स्पेलिंगमध्ये. आज आपण मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतो, तसाच काहीसा प्रकार.

पुस्तक चाललं. सासष्टीतल्या चर्चमधून रविवारी आणि सणांना ते वाचलं जाऊ लागलं. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं गेलं. त्याच्या मागून फ्रेंच जेजुइट एत्येन द ला क्रुआनं संत पीटरवर तसंच मोठं मराठी पुराण रचलं. पण हे सगळं बघायला स्टीफन्स नव्हता. १६१९ मध्ये तो गोव्यातच वारला. ४० वर्षांत एकदाही इंग्लंडला परतला नव्हता. तिकडं परतणाऱ्या जेजुइटाचं काय होतं, हे १५८१ मध्ये लंडनमध्ये फासावर गेलेल्या एडमंड कॅम्पियनच्या उदाहरणावरून सगळ्यांना माहीत होतं. गोव्यात लोक त्याला पाद्रे इस्तेव्हांव म्हणत, आणि त्याच्या गावाच्या नावावरून बुस्टन असंही.

आणि मग उलटं चक्र फिरलं. २७ जून १६८४ ला पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावं. पाद्र्यांनी शिकवायचं तेही पोर्तुगीजमध्येच. ज्या ग्रंथानं बंद केलेल्या पोथ्यांची जागा घेतली होती, आता त्याच्याच भाषेवर गदा आली. १७५९ मध्ये तर जेजुइटांनाच पोर्तुगीज मुलखातून हाकलण्यात आलं. तिन्ही आवृत्त्या मिळून एकसुद्धा छापील प्रत आज उपलब्ध नाही.

तरी पुराण टिकलं, ते वाचणाऱ्यांमुळे. इन्क्विझिशन, कर, दुष्काळ, लढाया अशा कारणांनी गोव्यातली ख्रिस्ती कुटुंबं दोन दिशांना पांगली. काही दक्षिणेला मंगळूरकडं गेली, काही उत्तरेला सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवणकडं आली. आजच्या सिंधुदुर्गातल्या अनेक कॅथलिक घरांचं मूळ तिथलं. मंगळूरकडं गेलेल्यांच्या घरांत पुराणाच्या हस्तलिखित प्रती पिढ्यान् पिढ्या राहिल्या. अकरा हजार ओव्या हातानं उतरवायच्या म्हणजे काय, याचा अंदाज करून बघा. त्या प्रतींवरूनच १९०७ मध्ये जोसेफ सालदाना यांनी मंगळूरला पुराण पुन्हा छापलं. पुढं जस्टिन अॅबट या मराठी संतसाहित्याच्या अमेरिकन अभ्यासकाला लंडनमध्ये विल्यम मार्सडेनच्या संग्रहात एक देवनागरी प्रत सापडली. तिच्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत वळणाचे शब्द आहेत. अॅबटच्या मते मूळ पाठ हाच. सगळ्या अभ्यासकांना ते पटलेलं नाही. देवनागरीत ते छापून यायला १९५६ उजाडलं. पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी ती आवृत्ती काढली. म्हणजे स्टीफन्सनं रोमकडं जी लिपी मागितली होती, ती त्याच्या पुराणाला ३४० वर्षांनी मिळाली.

मिस्सा लोकभाषेत व्हायला तर १९६० चं दशक यावं लागलं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. सिंधुदुर्गाचा वेगळा धर्मप्रांत झाला तो २००५ मध्ये, सावंतवाडी हे त्याचं केंद्र.

आज ज्याला हे पुराण वाचायचं आहे त्याच्यासाठी फादर कारिदाद द्रागो यांची १९९६ ची देवनागरी आवृत्ती आहे, आणि त्यानंतर फादर नेल्सन फलकांव यांनी आधुनिक मराठी गद्यासह केलेली आवृत्तीही आहे. पहिल्या भागातल्या वंशावळी आणि लढायांत नवा वाचक अडकतो. थेट दुसऱ्या पुराणापासून, येशूच्या जन्मापासून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही. आणि मोठ्यानं वाचलं तर जास्त कळतं, कारण ते लिहिलंच आहे ऐकण्यासाठी.